छपराखालची ऊब

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी दुपारी रेवाने घरातला एसी बंद केला. मार्चपासून अहोरात्र चाललेली त्याची घरघर थांबली, आणि पुस्तक वाचत बसलेल्या कौशिकला कुणीतरी पाठीमागचा लोड अलगद काढून घेतल्यासारखे वाटले. मस्कतमध्ये दर वर्षी हा क्षण येतो. हिवाळा इथे थंडीने कळत नाही, शांततेने कळतो. तरीही तो दर वर्षी दचकत असे. दार्सैतमधल्या त्या दाट वस्तीने इतके महिने काचांच्या पलीकडे ठेवलेले सगळे आवाज एकदम आत आले : शेजारच्या घरातली कुकरची शिट्टी, खाली टॅक्सीशी हुज्जत घालणाऱ्या माणसाचे हिंदी, कृष्णमंदिराच्या बाजूने येणारी एक तुटक घंटा. त्या सगळ्यांच्या अलीकडे, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाणी पिणाऱ्या रेवाच्या घशातला आवाजही त्याला ऐकू आला. आपण इतक्या महिन्यांत हिला पाणी पितानाही ऐकलेले नाही, असा विचार त्याच्या मनात आला आणि उगाचच अपराध्यासारखे वाटले. तिने भांडे पालथे घातले.

"कोल्हापूरच्या कॉलेजातून परत फोन आला होता," ती म्हणाली. "जूनपासून या म्हणतायत. फेब्रुवारीअखेर कळवायचंय."

"बरं झालं की."

"मी जाऊ?"

"तुला जसं वाटेल तसं."

"मला काय वाटतं ते मला माहीत आहे, कौशिक. तुला काय वाटतं?"

त्याने पुस्तकात बोट घालून ते मिटले. खालचा हिंदी बोलणारा माणूस भाडे पटून गाडीत बसला असावा. दार आपटल्याचा आवाज आला. "बघू," तो म्हणाला. रेवाने त्या पुस्तकातल्या बोटाकडे पाहिले. मग शाळेचे पेपर तपासायला आत गेली. वादी कबीरच्या शाळेत ती जीवशास्त्र शिकवीत असे. मुलांनी लिहिलेल्या उत्तरांवरून तिची लाल लेखणी फिरायची, तिचा कुरकुर आवाजही त्या दुपारी त्याला पहिल्यांदाच ऐकू आला. तिला हवे असलेले उत्तर फार लांबीचे नव्हते. जा किंवा जाऊ नकोस, यांपैकी कोणतेही तिने पत्करले असते, हे त्याला कळत होते. जे कळते ते ओठांपर्यंत आणण्याची वाट मात्र आपल्यात कुणी बांधलीच नसावी, असे त्याला लहानपणापासून वाटत आले होते.

म्हणूनच त्या आठवड्यात, त्याच्या एसी बसवणाऱ्या कंपनीच्या वर्कशॉपमध्ये, गजेंद्रभाऊंनी ते विचित्र काम सर्वांपुढे मांडले, तेव्हा सगळे हसले आणि कौशिक हसला नाही. गजेंद्रभाऊ कंपनीचे मुकादम, मूळचे कणकवलीकडचे, आणि प्रत्येक नव्या कामाची बातमी नाटकातल्यासारखी देण्याची त्यांना सवय होती. "ऐका रे," ते म्हणाले, "आयुष्यभर लोकांना गार करत आलो. आता एका अर्बाबाला गरम करायचंय."

"आजारी आहे का?" कुणीतरी विचारले.

"तो ठणठणीत आहे. त्याच्या विमानाला थंडी वाजते."

जबल अखदरच्या पठारावर, जिथे हिवाळ्यात पहाटे पाण्याच्या टाकीवर बर्फाचा पापुद्रा धरतो, तिथे त्या अर्बाबाचे, म्हणजे कंपनीच्या ओमानी धनिक गिऱ्हाइकाचे, घर होते, छोटीशी धावपट्टी होती आणि पत्र्याचा एक उंच हँगर होता. हँगरमध्ये दोन माणसे बसतील एवढे जुने विमान : लाकडी सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, कापडावर लाखेसारखा चकचकीत लेप. पठारावर दिवसा ऊन आणि सूर्य मावळताच गारठा. त्या ओढाताणीत लाकूड आकसते, फुगते, सांधे सुटतात. तेव्हा मार्चपर्यंत आत एकसारखी वीस अंश ऊब हवी होती. यंत्र बसवायचे आणि कुणीतरी हिवाळाभर त्याच्यापाशी राहायचे. "कोण जातं?" असे गजेंद्रभाऊंनी विचारले ते केवळ रीत म्हणून, चिठ्ठ्या टाकायची त्यांची तयारी होती. "मी जातो," कौशिक म्हणाला. आपला आवाज त्याला दुसऱ्या कुणाचा तरी वाटला. इतक्या सहज, न अडखळता, आपण शेवटचे केव्हा बोललो होतो?

"लग्न झालेला माणूस तू," गजेंद्रभाऊ म्हणाले. "घरी विचार तरी."

घरी त्याने विचारले नाही, सांगितले. रेवा म्हणाली, "स्वेटर आहे का तुझ्याकडे?" आणि त्या संध्याकाळी रूवीच्या बाजारात जाऊन तिनेच एक राखाडी स्वेटर आणला.

कंपनीतला तंत्रज्ञ साकिब त्याच्याबरोबर होता. हा रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा चाळिशीतला माणूस, माबेलाला बायकामुलांसह राहणारा, पिकअप चालवण्यापासून वेल्डिंगपर्यंत सगळे करणारा, आणि गप्प बसणे हा एक आजार आहे असे मानणारा. पायथ्याच्या पोलीस चौकीवर गाडीची चारही चाके जोर घेतात की नाही याची खात्री करून त्यांना वर सोडले, आणि घाट चढताना कौशिकच्या कानांत दडे बसले. दडे बसल्यावर साकिबचे बोलणे दूरच्या रेडिओसारखे झाले. त्या दूरपणात कौशिकला फार बरे वाटले. वर डाळिंबांच्या ओक्याबोक्या बागा होत्या, पायऱ्यापायऱ्यांचे रिकामे वाफे होते, आणि उजेड असा स्वच्छ की त्यात कशालाच सावलीशिवाय दुसरे सोबती नव्हते.

काम त्यांनी चटकन उरकले. डिझेलवर चालणारे यंत्र हँगरच्या बाहेर, त्याचा धूर बाहेरच्या बाहेर. तापलेली हवा पंख्याने ढकलायची आणि पत्र्याच्या रुंद डक्टमधून आत सोडायची. डक्ट त्यांनी छपराजवळून नेला, हवेची तोंडे खाली बघतील अशी बसवली, हवा परत ओढणारी जाळीही वरच घेतली आणि तापमान वाचणारा सेन्सर त्या जाळीशेजारी ठोकला. त्याची तार खाली आणून दाराजवळच्या भिंतीवर आकडे दाखवणारी पेटी लावली. मॉल, मशिदी, लग्नाचे हॉल, बँका; इतक्या वर्षांत जिथे जिथे त्यांनी काम केले तिथे तिथे हे असेच केले होते. हातांना वाट पाठ होती. तिसऱ्या दिवशी पेटीवर वीसचा आकडा उमटला आणि साकिबने त्याला सलाम ठोकला.

पुढच्या दिवसांना आकार नव्हता. सकाळी डिझेल पाहायचे, पंख्याच्या पट्ट्यावर हात ठेवून त्याची थरथर अजमावायची, मग विमानाभोवती एक चक्कर. धुळीपासून जपण्यासाठी त्यावर पांढरे आच्छादन घातलेले होते. त्याखालचा आकार कौशिकला झोपलेल्या माणसासारखा न वाटता झोपेचे सोंग घेतलेल्या माणसासारखा वाटे. त्याच्याशी बोलावे लागत नव्हते, पण त्याची काळजी घेता येत होती; कोणत्याही सोबतीकडून एवढेच मिळावे असे त्याला वाटत आले होते. दार्सैतच्या घरात रेवाच्या शेजारी बसून जी कामाची, उपयोगाची भावना त्याला कधी आली नाही ती इथे एका घडीच्या खुर्चीवर त्या पांढऱ्या आकाराकडे पाहत तासन्‌तास येई. कधी ती संपूनही जाई, आणि तिच्या जागी उरे तो फक्त पंख्याचा आवाज. घरातून काढून घेतलेली घरघर इथे त्याला परत मिळाली होती.

थंडी मात्र वाजत होती. स्वेटरवर जॅकेट, त्यावर साकिबने घाटाखालच्या बाजारातून आणलेली गोधडी. तरी पायांची बोटे दुपारपर्यंत आपली वाटत नसत.

"साहेब, वीस अंश म्हंजे एवढी थंडी असते?" साकिबने एकदा विचारले.

"आपल्या घरी एसी वीसवर ठेवला तर वाजतेच की."

"तां पण खरां." साकिब गोधडीत आणखी आत शिरला. "आपण दर्यावरची मानसां. आपल्या रक्तात मीठ. यंत्र बोलतंय वीस, तर वीस. आपलां अंगच खोटां बोलतंय."

कौशिकला ते पटले. अंग खोटे बोलते हे त्याला नवे नव्हते. एकदा अर्बाबही येऊन गेला : लोकरी शाल पांघरलेला, सौम्य, उंच म्हातारा. त्याने भिंतीवरचा आकडा वाचला, हात चोळले, "झैन, झैन," असे खुशीने म्हणाला आणि दोघांना कॉफी पाठवली. आकडा पाहून समाधान पावणाऱ्या त्या तिघांच्या डोक्यांवर, छपराच्या कैच्यांवर, पारवे घुमत होते. पत्र्याच्या वळचणीतल्या फटीतून ते जानेवारीत आत आले होते, आधी एक जोडी आणि मग पुष्कळ. विमानाच्या आच्छादनावर त्यांचे पांढरे-हिरवे शिंतोडे पडू लागले तेव्हा साकिबने लांब बांबूला फडके बांधून त्यांना हुसकले. ते एका कैचीवरून उडून दुसरीवर बसले. "बघा, शेखच्या घरचे जावई," साकिब म्हणाला. "खाली उतरायला तयार नाय."

सुरुवातीला कौशिक दर गुरुवारी खाली जात असे. मग एकदा पंख्याचा पट्टा बदलायचा होता. पुढच्या वेळी डिझेलची गाडी यायची होती, आणि त्यानंतर कारण शोधावेसेही त्याला वाटले नाही. रेवाचा फोन येई. ती शाळेतले काही सांगे, तो पठारावरचे काही सांगे, आणि मग दोघांमध्ये ती गोष्ट येऊन बसे जिचे नाव दोघेही घेत नसत. "बाकी?" ती विचारी. "बाकी ठीक," तो म्हणे. फोन ठेवल्यावर त्याला बाबा आठवत. मिरकरवाड्याच्या बंदराजवळ बर्फाचा कारखाना होता, बाबा तिथे लाद्या काढण्याच्या कामावर. संध्याकाळी ते घरी येत ते अमोनियाच्या उग्र वासासकट. आई आधीच ओटीवर कोमट पाण्याचे घमेले ठेवी. बाबा त्यात मनगटांपर्यंत हात बुडवून बसत आणि हात माणसासारखे होईपर्यंत घरात कुणाला शिवत नसत. कौशिक उंबऱ्यात उभा राहून वाट पाही. त्याला खूप काही सांगायचे असे. पण पाणी निवेपर्यंत, बाबा उठेपर्यंत, पंच्याने एकेक बोट पुसेपर्यंत ते सांगणे शिळे होऊन जाई. मग बाबा विचारीत, "काय रे?" आणि तो म्हणे, "काही नाही." ते घर दुःखी नव्हते. तिथे कुणी कुणाला ओरडले नाही, कुणी कुणाला सोडून गेले नाही. आई गेली तेव्हा बाबांनी तिच्या कपाळावर हात ठेवला, आणि तो ठेवण्याआधी, उन्हाळ्यातल्या भर दुपारी, सवयीने दोन्ही तळवे एकमेकांवर चोळले. कौशिकने ते पाहिले होते. त्याविषयी तो कधी कुणाशी बोलला नव्हता. रेवाशी बोलता आले असते असे त्याला आता, पंख्याच्या आवाजात, वाटे. फोनवर मात्र तो पठारावरच्या उजेडाविषयीच बोले.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात साकिब डिझेल आणायला खाली गेला आणि परतला तेव्हा पिकअपमधून रेवा उतरली. तिच्या अंगावर शाळेत जातानाचा सुती कुडता होता आणि खांद्यावर एक पातळ ओढणी.

"भाभी बोलल्या, न्या," साकिब कौशिककडे न पाहता म्हणाला. "मी कोण नाय बोलणारा?"

"त्यांना दटावू नकोस," रेवा म्हणाली. "तू खाली येत नाहीस, म्हणून मी वर आले. मला उद्या कळवायचंय."

तो तिला आत घेऊन गेला, साकिब मागोमाग. दार सरकवून लावले आणि भिंतीवरच्या पेटीकडे बोट दाखवले. "वीस अंश," तो म्हणाला. "हिवाळाभर एकदाही हललेलं नाही." त्या वाक्यात किंचित अभिमान होता, आणि तो आपल्यालाच ऐकू आल्याने तो ओशाळला. रेवाने दंडांवरून हात फिरवले. पांढऱ्या आच्छादनाकडे, घडीच्या खुर्चीकडे, खुर्चीवरच्या गोधडीकडे पाहिले. मग मान वर केली आणि बराच वेळ वरच पाहत राहिली.

"हे पारवे खाली का येत नाहीत?"

"घाबरतात. साकिबने बांबू—"

"तसं नाही. इथे खाली तुमच्या शिध्यातलं धान्य सांडलंय, पाण्याचं भांडं आहे. आणि हे सगळे वर, दाटीवाटीने. अगदी त्या नळकांड्याला चिकटून." ती वर्गात विचारावे तसे विचारीत होती. "पिसं फुगवलेली नाहीत कुणी. त्यांना तिथे छान उबदार आहे. आपल्याला का नाही?"

दाराशी उभ्या असलेल्या साकिबने हळूच "या अल्ला" म्हटले. कौशिकने शिडी घेतली आणि कैचीला टेकवून चढू लागला. डोके छपराजवळ, डक्टच्या तोंडाशी पोचले तेव्हा त्याच्या तोंडावर जूनमधली रूवी आली : कोरडी, जड, डोळे मिटायला लावणारी. स्वेटरच्या आत घाम फुटला. पारवे हातभर अंतरावर निवांत बसले होते, त्यांच्या गळ्यांवरचा हिरवा-जांभळा रंग इतक्या जवळून त्याने कधी पाहिला नव्हता. तापलेली हवा खाली ढकलली तरी खाली जात नाही. ती छपराला बिलगून राहते. शाळकरी मुलालाही हे ठाऊक असते, त्यालाही ठाऊक होते. गार हवा मात्र आपोआप माणसांच्या अंगावर उतरते, आणि आयुष्यभर गार हवाच वाहिलेल्या हातांनी ऊबही त्याच वाटेने नेली होती. जिथे ती साचत होती तिथेच तिचे मोजमाप घेतले होते, आणि खाली तीन माणसे आकडा वाचून आपापल्या अंगाला खोटे ठरवीत राहिली होती. तो एकेक पायरी उतरू लागला. घाम वाळला, कान गार झाले, मग बोटे. जमिनीवर पाय टेकला तेव्हा दातावर दात वाजत होता. लाकडाला काय झाले असेल ते आच्छादन काढून पाहावे लागणार होते. पण त्या क्षणी त्याला लाकडाचे काही वाटले नाही. त्याला तटस्थपणे, दुसऱ्या कुणाविषयी असावे तसे, एवढेच दिसले की ही बाई पातळ ओढणीत कुडकुडते आहे आणि आपण तिला आकडा दाखवला.

"साहेब, डक्ट खाली घ्यायला लागंल," साकिब म्हणाला. "जमिनीलगत. अर्बाबला मी सांगू की तुमी?"

"मी सांगतो. आजच सांगतो."

"मग मी पाने-पक्कड आणतो." साकिब बाहेर गेला आणि दार सरकवताना त्याने ते पूर्ण लावून घेतले.

"आणि माझं?" रेवाने विचारले.

"तुला जसं—" तो म्हणाला, आणि थांबला. पंखा चालू होता. तो बंद करावा असे त्याला वाटले, पण तेवढ्यासाठी बाहेर जावे लागले असते, आणि बाहेर गेल्यावर आपण परत येणार नाही हे तो जाणून होता. "जाऊ नकोस," तो म्हणाला. शब्द फार हळू निघाले. "मला नकोय तू गेलेली. मी घरी असूनही नसतो, मला माहीत आहे. तरी नकोय. आपण दोघं घरात असतो ना, तेव्हा मला सारखं काहीतरी सांगायचं असतं, ते सांगायला मी अजून... पण तू नसलीस तर ते सांगायचं तरी कुणाला? एवढंच. मोठ्यानं बोलू का? ऐकू आलं?"

"ऐकू आलं."

तिच्या ओढणीचे टोक बोटाभोवती गुंडाळले जात होते आणि सुटत होते. तिने त्याच्याकडे पाहिले तेव्हा डोळे ओले होते, पण आवाज नेहमीचा होता, वर्गातला, स्वच्छ.

"मी जाणार आहे, कौशिक. मला ते काम हवंय. डिसेंबरातच हवं होतं."

"हो."

"पण तू काहीच बोलला नसतास आणि मी गेले असते, तर कुणाच्या घरातून निघाले हेच मला कळलं नसतं. आता कळलं." तिने ओढणीचे टोक सोडले. "आता जाता येईल. आणि यायचं झालं तर येताही येईल."

काही हरवले होते, आणि ते हरवल्याची जागा नेमकी कुठे आहे हे आयुष्यात पहिल्यांदाच त्याला बोट ठेवून सांगता आले असते. ते दुःख होते की नाही हे त्याने ठरवायला घेतले नाही. रेवा म्हणाली, "मला खाली सोड. साकिबभाईंनी नाही, तू." तेव्हा त्याने अंगावरचे जॅकेट तिला दिले, साकिबला डक्ट खाली घ्यायला सांगितले, अर्बाबाच्या दारात जाऊन तीन वाक्यांत चूक कबूल केली आणि पिकअपची किल्ली घेतली.

घाट उतरताना गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी लागते. इंजिन कण्हत राहते आणि वळणामागून वळण इतक्या संथपणे येते की बोलायला भरपूर वेळ असतो. दोन वळणे गेली. कानांत पुन्हा बसलेले दडे सुटले. तिसऱ्या वळणावर, रस्त्यावरची नजर न काढता, त्याने विचारले, "कोल्हापुरात राहणार कुठे?"

रेवाने चमकून त्याच्याकडे पाहिले. "एक खोली बघितलीय. मावशीच्या ओळखीची. फोटो आलेत."

"खिडकी आहे?"

"दोन आहेत."

"कुठल्या बाजूला?"

"एक रस्त्यावर. हंगामात रात्रभर उसाच्या गाड्या जातात म्हणे, झोप येणार नाही. दुसरी मागे." ती सावरून बसली, जॅकेटच्या बाह्या तिने वर सारल्या. "मागे एक आड आहे, आणि कसलं तरी झाड. फोटोत पानं नीट दिसत नाहीत."

"साधारण कशी आहेत?" त्याने विचारले. "फांदीवर जोडीनं येतात की एकेकटी?"

ती विचार करू लागली, आणि मग सांगू लागली.